वाटेवरचे वृक्ष : नाव आणि खूण



आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एवढ्या वाटेत आपण कोणाकोणाचे पाहुणे होतो याचा हिशेब एकदा करून पाहावा. भाकरी देणारा गावकरी, पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी राहिलेली बाई, पाय चेपून देणारी पोरे, यांची नावे आपण विचारतो आणि पुढल्या वर्षी आठवणीने त्यांच्या दारी डोकावतो. पण दुपारच्या विसाव्याला ज्याच्याखाली पथारी टाकली, ज्याच्या खोडाला पखवाज टेकवला, ज्याच्या फांदीवर ओली धोतरे वाळत घातली, त्याचे नाव काय असे कोणी विचारले, तर 'झाड होते हो मोठे' याच्यापुढे आपली गाडी जात नाही. ज्याचे अन्न खाल्ले त्याचे नाव ठाऊक नसावे, ही पाहुण्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

हे मी तुम्हाला शिकवण्याच्या तोऱ्यात सांगत नाही. माझीच फजिती आधी ऐका. लहानपणी पाठशाळेत अमरकोश मुखोद्गत करावा लागे. त्याच्या दुसऱ्या कांडात वनौषधिवर्ग आहे. झाडाझुडपांची शेकडो नावे आम्ही पोरे माना डोलवीत घडाघडा म्हणत असू. एक शब्द चुकला की गुरुजींची छडी. परंतु खिडकीबाहेर उभे असलेले झाड त्यांतले कोणते, हे ना गुरुजींनी कधी दाखवले, ना आम्ही विचारले. पुढे कीर्तनाला उभा राहू लागलो. एकदा एका गावी रामकथा लावली होती. अशोकवनातील सीतेचे आख्यान रंगात आले आणि मी देवळासमोरच्या उंच, सरळ, खांबासारख्या झाडांच्या रांगेकडे हात करून म्हणालो, "पाहा, ह्याच अशोकाखाली जगन्माता बसली होती!" टाळ्या पडल्या. कीर्तन संपल्यावर आमच्या दिंडीतील आक्का जवळ आली. आक्का कधी शाळेत गेली नाही, पण सत्तर वर्षे रानात गेली आहे. हळूच म्हणाली, "बुवा, ह्या झाडाला सावली कुठं हाय? सीतामाई हितं बसली असती तर बिचारीला ऊन लागलं असतं की."

मी गप्प झालो. आक्काचे म्हणणे अक्षरशः खरे होते. देवळापुढे, शाळेपुढे, बंगल्यांच्या कुंपणाशी ज्याची रांग लावतात तो खोटा अशोक. त्याची पाने लांबट, कडेने लाटा उठलेली. फुले हिरवट, चांदणीसारखी, नीट पाहिल्याशिवाय दिसतही नाहीत. गंमत पाहा, त्याचे कूळ अशोकाचे नव्हेच, ते सीताफळाचे! खरा अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, ठेंगणा, घेरदार, दाट सावलीचा. त्याच्या एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस होऊन खाली लोंबते, आणि वसंतात फांद्यांनाच नारिंगी-लाल फुलांचे झुबके लागतात. त्या दिवसापासून मी ठरवले, की नाव घ्यायचे तर खूण पटवून घ्यायचे.

खूण कशी पटवावी? झाडाकडे पाहताना आधी पानाकडे पाहावे, आणि पान कोठून सुरू होते हे ठरवावे. वरवर सोपी दिसते, पण इथेच गल्लत होते. कडुनिंबाच्या काडीवर दोहो बाजूंना जी पाने दिसतात ती पाने नव्हेत, ती एकाच मोठ्या पानाची लहान दळे आहेत. हे ओळखावे कसे? देठ फांदीला जेथे चिकटतो तेथे बेचक्यात एक बारीक डोळा असतो. जेथे डोळा, तेथून पान. दळाच्या बुडाशी डोळा नसतो. एवढी एक गोष्ट बोटाने चाचपून पाहायची सवय लावा, निम्मी झाडे आपोआप वेगळी होतील. मग साल पाहावी. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का ते पाहावे. फळ फांदीच्या टोकाला आहे की खोडाला, हेही पाहावे. फुलांची वाट पाहत बसू नये. आपण आषाढात चालतो आणि बहुतेक झाडे वसंतात फुलून मोकळी झालेली असतात.

आता चिकाच्या झाडांपासूनच सुरुवात करू, कारण आपले मोठे यजमान तेच. वड, पिंपळ, उंबर, नांदुर्की ही सख्खी भावंडे. चौघांनाही पांढरा चीक, आणि चौघांचेही फूल कोणी पाहिलेले नाही. 'उंबराचे फूल' म्हणजे दुर्मीळ गोष्ट, असे आपण म्हणतो ना? वास्तविक ज्याला आपण फळ म्हणतो ती एक बंद पिशवी आहे आणि फुले तिच्या पोटात आहेत, शेकड्याने. पिशवीच्या टोकाला सुईच्या अग्राएवढे दार असते. त्यातून एक चिमुकली माशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख गळून पडतात. ती आतल्या फुलांवर पराग नेते, अंडी घालते आणि तेथेच मरते. तिची पिल्ले वाढतात, नवा पराग अंगावर घेऊन बाहेर पडतात आणि आपल्याच जातीचे दुसरे झाड शोधतात. वडाची माशी वेगळी, उंबराची वेगळी. झाडावाचून माशी नाही, माशीवाचून झाडाला बी नाही. अमरकोशाने उंबराला 'जंतुफल' म्हटले आहे. पाठशाळेत हा शब्द मी हजार वेळा म्हटला असेन. त्याचा अर्थ पन्नाशीनंतर, एक पिकले उंबर फोडून डोळ्यांनी पाहिला तेव्हा कळला.

किंबहुना हे सगळे शब्द म्हणजे खुणाच आहेत. जुन्यांनी झाड पाहून नाव ठेवले. आम्ही नाव धरून ठेवले आणि झाड सोडून दिले. वडाचे नाव 'न्यग्रोध', म्हणजे खाली वाढणारा. दुसरे 'बहुपाद', पुष्कळ पायांचा. पारंब्या पाहिल्यावर आणखी काय सांगायचे राहिले? वडाचे पान जाड, चामड्यासारखे, टोकाला गोलसर. फळे लाल, बिनदेठाची, पानाच्या बगलेत जोडीजोडीने. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, याच झाडाचे फळ आणायला सांगतो. फोड म्हणतो. आतले बारीक बी दाखवतो. तेही फोड म्हणतो. मुलगा म्हणतो, आता काही दिसत नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा मोठा न्यग्रोध उभा राहिला, असे बाप सांगतो. मी कीर्तनात हा दृष्टांत देतो तेव्हा आता खिशात वडाचे एक वाळलेले फळ ठेवतो. ते फोडून बी तळहातावर घेतले की पुढल्या रांगेतली पोरे पुढे सरकतात.

पिंपळाचे नाव 'चलदल'. देठ लांब आणि सडपातळ, पान रुंद, त्यामुळे बारीकशा झुळकीनेही पान डोलते. वड स्तब्ध असतो तेव्हाही पिंपळ सळसळत असतो. पानाचे टोक शेपटीसारखे लांब निघालेले, हीच पक्की खूण. चैत्रातली पालवी तांबूस-गुलाबी. त्याचे आणखी एक नाव 'कुंजराशन', हत्तीचे खाणे. आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ तो हाच. त्याची मुळे वर आणि फांद्या खाली, असे तेथे वर्णन आहे. पुष्कळ जण मला विचारतात, बुवा, पारंब्या तर वडाला. मग पिंपळाचे मूळ वर कसे? यावर भाष्यकारांनी पुष्कळ सांगितले आहे आणि ते थोरच आहे. मी माझ्या डोळ्यांना दिसलेले सांगतो. पाखरू पिंपळाचे फळ खाऊन देवळाच्या शिखरावर बसते, विष्ठेतून बी तेथे पडते, चिरेत रोप धरते, आणि त्याचे मूळ भिंतीवरून हातभर, मग पुरुषभर असे जमिनीकडे उतरत येते. ज्याने असा पिंपळ पाहिला त्याला मूळ वर कसे हा प्रश्न पडत नाही.

पिंपळाच्या नावाखाली आणखी एक झाड फसवते, तो पारसपिंपळ. कोकणात याला भेंड म्हणतात. पानाचा आकार पिंपळासारखाच बदामी, पण टोकाला ती लांब शेपटी नाही आणि पान तोडले तर दुधासारखा चीक नाही. फुले पिवळी, भेंडीच्या फुलासारखी, आत काळपट-लाल ठिपका. उतरत्या वेळी लालसर होतात. हा भेंडी-कपाशीच्या गोतातला. यालाच पिंपळ समजून दोरा गुंडाळणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या श्रद्धेला मी हसत नाही. अशोकाच्या बाबतीत मीही तेच केले होते.

नांदुर्की मात्र आपल्या लोकांना ओळखता आलीच पाहिजे. देहूला तुकोबांच्या वैकुंठगमनस्थानी जो वृक्ष आहे तो नांदुर्कीचा. फाल्गुन वद्य द्वितीयेला, बीजेच्या मध्यान्ही, त्याच्यावर फुले उधळायला किती गर्दी होते हे सांगायला नको. पण त्या गर्दीतल्या किती जणांनी ते पान हातात घेऊन पाहिले? वडाच्या पानाच्या मानाने लहान, गुळगुळीत, चकचकीत, बोटभर लांबीचे. फळेही लहान. पारंब्या असल्या तर बारीक, दाढीच्या केसांसारख्या. तीच नांदुर्की आपल्या वाटेवर, गावकुसाला, जुन्या रस्त्यांच्या कडेलाही आढळते.

तसाच आळंदीचा अजानवृक्ष. त्याच्या मुळीने माउलींच्या कंठाला वेढा घातल्याचे स्वप्न नाथमहाराजांना पडले आणि त्यांनी येऊन ती सोडवली, ही कथा परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे. त्याच्या छायेत ज्ञानेश्वरीचे पारायण करणारे आजही दिसतात. काही जण सांगतात, हा वृक्ष जगात एवढाच आहे. तसे नाही. या जातीला रानात दातरंग म्हणतात. हे भोकराच्या कुळातले झाड आपल्या डोंगररानांत आणि इतरत्रही आहे. साल फिकट, फुले पांढरी, बारीक, घोसाने येणारी, फळे छोटी, पिकल्यावर नारिंगी-लाल. हे सांगितल्यावर एक गृहस्थ माझ्यावर रागावले, म्हणाले, "बुवा, तुम्ही महिमा कमी करता." मला तसे वाटत नाही. डोंगरात दातरंग दिसला की मला आळंदी आठवते. पूर्वी तेथून जाताना मला काहीच आठवत नसे.

कडुनिंबाबद्दल सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे वळलो की पाऊस कमी होत जातो आणि पुढे माळरानात कडुनिंब हाच खरा सोबती. दातवणाला आपण त्याचीच काडी मोडतो. पण बकाणनिंब म्हणून एक झाड त्याच्यासारखेच दिसते. फरक असा. कडुनिंबाच्या देठावर दळे एकाच ओळीने, दोहो बाजूंना, विळ्यासारखी वाकडी आणि करवतीसारख्या कडांची. बकाणाचा देठ मात्र पुन्हा फुटतो. देठाला देठ, त्याला दळे. त्याची फुले फिकट जांभळी, आणि फळांचे घोस पाने गळाल्यावरही झाडावर लटकत राहतात. ती फळे विषारी. पोरांच्या हाती लागू देऊ नयेत. ओळख नसेल त्या झाडाची काडी तोंडात घालू नये. कण्हेरीच्या बाबतीत तर अजिबात नाही. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

आणखी पुढे, फलटण-माळशिरसच्या बाजूला, काटेरी मंडळी भेटतात. सगळ्यांना आपण एका शब्दात 'बाभळ' म्हणतो. खरी बाभूळ काळ्या, भेगाळ सालीची. फुले पिवळी, गोंड्यासारखी वाटोळी. काटे पांढरे, लांब, जोडीने. आणि शेंग दोन बियांमध्ये आवळलेली, जणू ओवलेली माळ. तिचीच एक जात सरळ वर जाते, फांद्या खराट्यासारख्या मिटलेल्या, ती रामकाठी. हिवराची साल फिकट, फुले पिवळट-पांढरी. आणि ओढ्याकाठी, पडिकात जी दाट माजते ती वेडी बाभूळ, अमेरिकेकडून आलेली. तिचे फूल गोंडा नसून लोंब्यासारखे लांबट असते, शेंग सरळ आणि पिवळी. जळणाला बरी, बाकी तिच्याबद्दल शेतकऱ्याला विचारा, तो बोलेल ते छापता येणार नाही.

शिरीष आणि वर्षावृक्ष यांचीही अशीच अदलाबदल होते. रस्त्यावर छत्रीसारखा पसरलेला, आभाळ भरून आले की पाने मिटणारा, तो वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेचा. गुलमोहर मादागास्करचा. पाहुणे म्हणून आले, राहिले. त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण कालिदासाच्या शाकुंतलात, नांदीनंतर नटी जे ग्रीष्माचे गीत गाते त्यात स्त्रियांनी कानावर ठेवलेली जी फुले येतात ती आपल्या शिरीषाची. त्याची ओळख हिवाळ्यात सोपी. पाने झडतात आणि वाळक्या, चपट्या, पिवळ्या शेंगा वाऱ्याने टाळासारख्या वाजत राहतात. दसऱ्याला सोने म्हणून लुटतो तो आपटा आणि पुष्कळदा चुकून ओरबाडला जातो तो कांचन, ही जोडीही पाहून ठेवावी. दोघांचे पान जोडपान. कांचनाच्या गोताला कोशात 'युगपत्रक' असेच नाव आहे. आपट्याचे पान लहान आणि लांबीहून रुंद, साल काळपट, फुले बारीक आणि फिकट. कांचनाचे पान मोठे, फुले जांभळी-गुलाबी आणि ठळक. करंज, चिंच, बेल तर तुम्हाला ठाऊकच आहेत. जागा त्यांच्यावर घालवीत नाही.

एक तक्रार मात्र करतो, आणि ती आपल्याच माणसांची. तळ पडला की तीन दगडांची चूल कोठे मांडतात? वडाच्या बुंध्याशी, वारा लागू नये म्हणून. झाडाचा जीव सालीच्या लगेच खाली असतो. पानांनी तयार केलेले अन्न त्याच थरातून मुळांकडे उतरते. त्या थराला आच लागली की तो मरतो, आणि दरवर्षी त्याच जागी चूल पेटली तर जखम वाढत जाऊन खोड पोखरते. तंबूचे दोर बांधायला ठोकलेले खिळे, तारेचे फास, यांचीही तीच गत; तार वर्षागणिक सालीत रुतत जाते. चूल दहा पावले दूर मांडली तर भाकरी करपत नाही, हे आमच्या दिंडीत आता सिद्ध झाले आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी हाती घेतली ती सांगतो. २०२१ च्या नोव्हेंबरात दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रस्ता रुंद झाला, चालणे सुकर झाले, हे नाकारून चालणार नाही. पण रस्त्याकडेची कित्येक जुनी झाडे त्यात गेली, आणि त्यांत आमच्या दिंडीच्या दुपारच्या विसाव्याचा वडही गेला. माझ्या आजोबांनी त्याच्याखाली प्रवचन केले होते. पुढल्या वारीत आम्ही त्या जागी पोहोचलो, तर लोक सवयीने थांबले आणि कोठे बसावे हे कोणालाच कळेना. कापडाचा मांडव घातला. त्याच्याखाली उकाडा होता.

गावकऱ्यांनी रस्त्यापासून आत, गायरानात जागा दाखवली आणि म्हणाले, नवा वड तुम्हीच लावा. मी उत्साहाने एका रोपवाटिकेतून पाच रोपे आणली. विक्रेत्याने 'वड' म्हणून दिली, मीही पाने जाड आहेत, चीक पांढरा आहे एवढे पाहून घेतली. आक्काने एक पान उलटे केले, शेंड्याच्या लालभडक कळीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "बुवा, ह्यो वड न्हवं." तो रबराचा वड निघाला. आसामच्या बाजूचे झाड. शेंड्यावरचे ते लाल आवरण हीच त्याची खूण. एवढे लिहिले, एवढे पाहिले, तरी पुन्हा फसलो!

मग आक्कानेच गावात विचारले, जुना वड तोडला तेव्हा फांद्या कोणी नेल्या. एका शेतकऱ्याने दोन जाड फांद्या बांधावर कुंपणाचे खांब म्हणून पुरल्या होत्या. जाऊन पाहतो तो दोन्ही खांब फुटलेले, पानांनी भरलेले. आमचा वड तेथे उभा होता. त्यांच्यातूनच मनगटाएवढ्या तीन फांद्या काढल्या, पुरुषभर उंचीच्या. वडाला बियाचे रोप हवेच असे नाही, अशा फांदीलाही मुळे फुटतात, हे आमच्या शेतकऱ्यांना आधीपासून ठाऊक आहे. ज्येष्ठात, पहिल्या पावसावर, दोन हात खोल खड्डे घेऊन त्या लावल्या. वरच्या कापलेल्या तोंडावर शेणाचा गोळा थापला, म्हणजे ओल सुकत नाही. भोवती काटेरी कुंपण केले, तेही वेड्या बाभळीचे. तिचा तेवढा उपयोग झाला. उन्हाळ्यात पाणी घालायचे गावच्या पोरांनी कबूल केले आणि घातले.

यंदा आषाढात पाहिले. दोन फांद्या लागल्या आहेत. पाने तळहाताएवढी झाली आहेत, टोकाला गोल, जाड, देठ मोडला की दूध. सावली म्हणावी तर अजून एका माणसापुरती. तिच्यात आक्काला बसवले. तिसरी वाळली. तिच्या जागी आक्का म्हणते उंबर लावू, पाखरांना बरा. मी म्हणतो पिंपळ. अजून ठरलेले नाही.